जित्या माणसाच्या फोटोला हार

कळंबा, कोल्हापूर
रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

चि. तेजूस,

प्रभूच्या नावात आण्णाचा सलाम आणि तुझ्या कपाळावर एक मुका.

तू चंदगडला सुखरूप पोहोचल्याचा मेसेज त्याच दिवशी मिळाला होता. मी नुसता अंगठा पाठवला, राग मानू नको. तू आणलेले काजू घरात आहेत. निम्मे बाळाबाई मावशीला दिले. तिनं पिशवी तिथंच फोडली आणि चर्चच्या पायरीवर बसून खायला लागली. म्हणाली, "तेजूला सांग, मीठ कमी हाय." पोरगी एवढ्या लांबून आणते आणि हिला मीठ कमी. माझी साखर ठीक आहे. गुडघा आहे तसाच. तलाव यंदा काठोकाठ भरलाय. सकाळी फिरायला गेलं की बांधावर फोटो काढणाऱ्यांची एवढी गर्दी, की म्हाताऱ्या माणसाला चालायला वाट मिळत नाही.

पाकीट बघून दचकली असशील. आण्णा साधा फोन करायचा सोडून पत्र काय लिहितोय, असं वाटलं असेल. फोनवर मी रडलो असतो आणि तू मला समजावत बसली असतीस. दोन मिनिटं बोललीस की तुझा घसा दुखतो, तरी तू "रडू नका आण्णा, रडू नका" करत राहिली असतीस. ते मला नको होतं. आणि मोबाईलवर लिहिलं तर पुसायची सोय असते. म्हणून कोपऱ्यावरच्या दुकानातून फुलस्केप कागद आणले.

दिवाळीच्या सुट्टीत आली होतीस तेव्हा, सव्वीस तारखेला रविवारी सकाळी, तू माझ्या शर्टाला इस्त्री करत होतीस. मी म्हटलं, "चल की आज उपासनेला, सगळे विचारतात." तू इस्त्री उभी करून ठेवलीस आणि म्हणालीस, "तुम्ही जावा आण्णा. ज्यानं माझा गळा काढून घेतला त्याच्या घरी मी कशाला जाऊ? मी त्याच्यासाठीच गात होते की." मग शर्ट माझ्या हातात देताना म्हणालीस, "तुमचं मात्र नवल वाटतं. एवढं होऊनसुद्धा तुमचा विश्वास हलला नाही. तुमच्यासारखा माणूस मी बघितला नाही."

मी शर्ट घातला, चर्चला गेलो, पंचांच्या बाकावर बसलो, दानाची थैली फिरवली. घरी येऊन तू केलेला रस्सा दोन वाट्या प्यालो. तुला दुपारच्या एसटीत बसवून दिलं. एवढं सगळं मला व्यवस्थित जमलं.

तुझ्या त्या बोलण्याला उत्तर द्यायचंय म्हणून हे पत्र. सकाळपासून तीन वेळा सुरू केलं आणि फाडलं. आधी गणपतरावांचं सांगतो, म्हणजे हात जरा चालेल.

गणपतराव म्हणजे समोर जूनमध्ये राहायला आलेले, एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर. दिवाळीला ते गावी होते, त्यामुळं तुझी त्यांची गाठ पडली नाही. तू गेलीस त्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फराळाचा डबा घेऊन आले. मी आत डबा रिकामा करायला गेलो. बाहेर येऊन बघतो तर गृहस्थ चपला दाराबाहेर काढून, डोक्यावरची टोपी काखेत धरून तुझ्या शोकेससमोर उभे. हात जोडलेले. माझ्याकडं वळून हळू आवाजात विचारलं, "कवा झालं वो मास्तर ह्ये?"

"काय कवा झालं?"

"पोरगी कवा गेली?"

मी म्हटलं, गेली कुठं, चंदगडला असते, काजूच्या कारखान्यात ऑफिसात आहे, कालच येऊन गेली. माणूस घाबरला. "आवो, मग काढा की ते आधी. जित्या माणसाच्या फोटूला हार घालतंय व्हय कुणी? अशुभ असतंय ते." आणि टोपी घालता घालता म्हणाले, "मला वाटलंतं तुमच्यात फोटूची पूजा नसतीय." टोमणा नव्हता त्यात. खरंच त्यांना नवल वाटलं होतं.

ऑगस्टमध्ये क्वायरची तीस वर्षं झाली म्हणून मंडळीनं माझा सत्कार केला, त्यातला तो चंदनाचा हार. मी घरी आणून तुझ्या फोटोला घातला. तो फोटो तू बारा वर्षांची असताना सांगलीच्या स्पर्धेत गातानाचा, डोळे मिटलेला. तू दिवाळीला आलीस तेव्हा हाराकडं बघितलंस आणि आत चहा ठेवायला गेलीस. त्याच्या आधी एकदा म्हणाली होतीस, "आण्णा, तो फोटो काढा की." मी काढला नाही. खाली तुझी पदकं, शिल्डं, पहिल्या नाताळाचा पांढरा झगा. वर झिरोचा बल्ब, तो मी रात्रंदिवस चालू ठेवायचो. आणि रोज संध्याकाळी सात वाजता, ज्या वेळेला तुझी आई असताना आम्ही पवित्र शास्त्र वाचून प्रार्थनेला बसायचो, त्या वेळेला मी त्या शोकेससमोर खुर्ची टाकून कानात वायर घालायचो आणि तुझी जुनी गाणी लावायचो. शास्त्र मांडीवर असायचं. उघडायचो नाही. सहा वर्षं.

गणपतराव गेल्यावर मी आधी हसलो. मग खुर्चीत बसून राहिलो.

तेजू, तुझी आई गेली तेव्हा तू नऊ वर्षांची होतीस. कबरस्तानात माती देताना कुणीतरी म्हणालं, पोरीला म्हणू दे एक कडवं. तू म्हणालीस. सगळी मंडळी ढसाढसा रडली. मी रडलो नाही. लोक म्हणाले, शांतवन मास्तर धीराचा माणूस. धीर कसला आलाय. मी तुझा सूर ऐकत होतो. बायकोच्या खड्ड्यापाशी उभा राहून मी मनात म्हणत होतो की हिचा वरचा सा किती स्वच्छ लागतोय. हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही. तिथून सुरुवात झाली.

कागलच्या फाइव्ह स्टार एमआयडीसीत मी बत्तीस वर्षं पार्ट तपासले. केसाएवढा फरक असला तरी बाजूला काढायचो. चर्चमध्येसुद्धा तेच केलं. बाळाबाई मावशीला अकरा वर्षं क्वायरमध्ये नुसते ओठ हलवायला लावले, कारण तिच्या बेसुरानं तुझा सूर खराब व्हायचा. नाताळ असो, हंगामाचा सण असो, मी देवासाठी काय बसवतोय हे विचारायचंच नाही, तेजू कुठल्या कडव्याला उठणार एवढंच. लोक उपासनेनंतर माझा हात हातात घेऊन म्हणायचे, "मास्तर, देवाचं देणं हाय." मी मान खाली घालून "त्याची कृपा" म्हणायचो आणि आतून फुगायचो.

आता ते लिहितो.

२०१९, गुड फ्रायडेच्या आधीचा मंगळवार. राजारामपुरीतले घशाचे डॉक्टर. तुझ्या घशात बधिर करायचा फवारा मारून नळी घातली होती, तू बाहेर बाकावर थुंकी गिळता येत नाही म्हणून रुमाल धरून बसली होतीस. डॉक्टरांनी मला आत बोलावून पडद्यावर दाखवलं. स्वरतंतूवर रक्त उतरलं होतं. म्हणाले, "तीन आठवडे संपूर्ण मौन. कुजबुजायचंसुद्धा नाही. गाणं तीन महिने विसरा. यावर जोर दिला तर आवाज कायमचा जाईल." तेच त्यांनी कागदावर लिहून दिलं आणि 'जोर दिला तर' याच्या खाली दोन रेघा मारल्या.

मी तो कागद घडी करून शर्टाच्या खिशात घातला. बाहेर येऊन तुला काय सांगितलं ते तुला आठवत असेल. "थोडी सूज आहे म्हणाले. गरम पाणी पी, रात्रीची लवकर झोप, शुक्रवारपर्यंत बरी होशील."

कारण शुक्रवारी मिरज, सांगली, इचलकरंजीच्या मंडळ्या येणार होत्या. वधस्तंभावरच्या सात उद्गारांच्या उपासनेत पाचव्या, 'मला तहान लागली' या उद्गारानंतरचं गीत तुझं होतं. ते मी स्वतः बांधलं होतं, दोन महिने खपून. तिसरं कडवं मी मुद्दाम वर नेलं होतं, कारण तेवढं वर आख्ख्या जिल्ह्यात तूच जात होतीस. दुसरं काही कारण नव्हतं. मी खूप शोधलं, सापडलं नाही.

पुढचं तुला माहीत आहे, पण माझ्या बाजूनं माहीत नाही. दुपारचे पावणेदोन असतील. व्यासपीठाला काळं कापड, पंखे गरगर फिरतायत, तू पांढऱ्या साडीत. दोन कडवी कशीबशी झाली. मला ऐकू येत होतं की आवाजात हवा शिरतेय. तिसऱ्याला तू वर गेलीस आणि आवाज तुटला. तू तोंड उघडून तशीच उभी राहिलीस. मी पेटीवर होतो. मी थांबायला पाहिजे होतं. मी तोच सूर परत दिला. तू परत प्रयत्न केलास, नुसती घरघर आली. तू माझ्याकडं बघितलंस. तेव्हा मी तुला डोळ्यांनी खुणावलं की म्हण. आणि तिसऱ्यांदा सूर दिला. तुझ्या गळ्यातून जे काय निघालं त्यानं पुढच्या बाकावरच्या बायकांनी पदर तोंडाला लावले. तू रडत बसलीस आणि मी ते कडवं पेटीवर शेवटपर्यंत वाजवून पुरं केलं.

मिरजेला ऑपरेशनच्या आधी तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, "आधी कुणी गाऊ नको म्हणून सांगितलं नव्हतं?" मी म्हटलं, "सूज आहे एवढंच म्हणाले होते." त्यांनी तुझ्याकडं बघून विचारलं, "एवढं दुखत असताना गायलीस कशाला गं?" तू खाली मान घालून कागदावर लिहून दिलंस, 'माझी चूक झाली.' मी शेजारी बसलो होतो. राजारामपुरीच्या डॉक्टरांचा तो कागद माझ्या पाकिटात होता.

आणि मग जूनमध्ये मी मंडळीपुढं साक्ष दिली. उभा राहिलो आणि म्हणालो, देवानं दिलं होतं, देवानं नेलं, त्याच्या नावाची स्तुती असो. सगळं चर्च रडलं. पाळकसाहेबांनी मिठी मारली. त्याच वर्षी मला चर्चचा पंच केलं. तू शेवटच्या बाकावर गळ्याला रुमाल बांधून बसली होतीस. तिथंच तुला पहिल्यांदा कळलं की तुझा आवाज देवानं नेला. त्याच्या आधी तू स्वतःला दोष देत होतीस. मी तो तुझ्या अंगावरून काढला आणि देवाच्या अंगावर घातला. माझ्या अंगावर काही आलंच नाही. त्यानंतर तू चर्चला यायची थांबलीस, आणि मी लोकांना सांगायचो, पोरगी दुखावलीय, प्रार्थना करा.

डॉक्टरांचा कागद या पाकिटात घालतोय. फोटोच्या चौकटीच्या मागं ठेवला होता. फाडून टाकायचा धीर झाला नाही, दाखवायचाही झाला नाही. तारीख बघ. दोन रेघा बघ.

हार त्याच दिवशी काढला. बल्ब काढला. शोकेस रिकामं केलंय, तुझी पदकं एका खोक्यात बांधून ठेवलीत, ती तुझी आहेत, तू सांगशील तसं करीन. मोबाईलमधली गाणी मात्र तीन दिवस पुसवेनात. बुधवारी संध्याकाळी सात वाजता बोट परत तिकडंच गेलं. गुरुवारी गणपतरावांच्या सुनेकडून सगळी एका पेनड्राइव्हमध्ये काढून घेतली, तो त्या खोक्यात टाकला, आणि माझ्या मोबाईलमधून पुसायला लावली. ती म्हणाली, "काका, एक तरी ठेवा की." मी घरी येऊन उंबऱ्यातच बसलो. शास्त्र उघडलं तर चष्म्यातून काही दिसेना. प्रार्थना करायला शब्द सापडेनात. तीस वर्षं लोकांना म्हणायला लावलं आणि स्वतःला एक वाक्य येईना. शेवटी नुसतं "बापा" म्हणून बसलो.

मागच्या रविवारी पंचांच्या बाकावर गेलो नाही. क्वायर सोडल्याचं पोरांना सांगितलं, आणि मागं बाळाबाई मावशीशेजारी बसलो. ती गीताला उभी राहिली आणि नेहमीसारखी अर्धा सूर खाली, पुस्तक उलटं धरून, डोळ्यांतून पाणी गळतंय आणि म्हणतेय. तिच्याबरोबर मीसुद्धा म्हटलं. कितीतरी वर्षांनी मी उपासनेत गायलो, बसवत नव्हतो, ऐकत नव्हतो, नुसता म्हणत होतो. माझाही सूर कुठं लागला कुणास ठाऊक. नंतर मी तिला विचारलं, "मावशी, ओठ हलवायला लावले म्हणून राग नाही आला?" म्हणाली, "मी कुठं नुसतं हलवत हुते? बारीक म्हणत हुते की. तुला ऐकू येत न्हवतं एवढंच." आणि मग कालच्या भाजीला कुणी पैसे जास्त घेतले ते सांगायला लागली.

मंगळवारी पाळकसाहेबांकडं जाऊन सगळं सांगितलं. नवे आहेत, तिशीतले. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग विचारलं, "तेजस्वीताईंना माहीत आहे?" मी नाही म्हटलं. "मग मास्तर, मला आधी का सांगताय?" मला तोंडावर मारल्यासारखं झालं. बरोबर होतं त्यांचं. मी आधी मंडळीपुढं उभा राहून सांगणार होतो, पुढच्या रविवारी. तेसुद्धा परत तुझ्या जिवावर दिलेली साक्षच झाली असती. लोक रडले असते आणि म्हणाले असते, काय हिमतीचा माणूस.

म्हणून मंडळीच्या आधी तुला. पंचपद सोडल्याची चिठ्ठी दिलीय, कारण लिहिलेलं नाही. मंडळीला सांगायचं का, कधी, कुणी, हे तू ठरव. मी सांगावं म्हणालीस तर उभा राहून सांगीन, सहा वर्षांपूर्वी जिथं उभा होतो तिथंच. नको म्हणालीस तर नाही. तुला माझं तोंडही बघायचं नसेल तर तसं कळव, किंवा काहीच कळवू नको.

एक गोष्ट मात्र मी लपवत होतो, आवाजापेक्षाही मोठी. तुझा आवाज गेल्यावर माझं दैवत गेलं असं लोकांना वाटायचं. मलाही वाटायचं. पण त्याच्या जागी मी दुसरं बसवलं होतं. दर दिवाळीला तू यायचीस, माझे शर्ट धुवायचीस, रस्सा करायचीस, फोनवर आवाज ऐकून लोक तुला "दादा" म्हणतात ते हसत सांगायचीस, आणि माझ्याकडं अशी बघायचीस की हा एकटाच माझ्या बाजूचा आहे. ते बघणं मला देवापेक्षा जास्त लागत होतं. ते टिकावं म्हणून मी तुला देवावर रुसू दिलं. तू त्याच्यापासून लांब गेलीस की माझ्या जवळ येत होतीस, आणि मला ते आवडत होतं. तुझ्या हातात शर्ट होता आणि तू म्हणालीस की तुमच्यासारखा माणूस बघितला नाही, तेव्हासुद्धा, तेजू, तेव्हासुद्धा मला बरं वाटलं.

आता हे पत्र टाकलं की तुझं ते बघणं संपलं. मला माहीत आहे. पोस्टाच्या पेटीपर्यंत पाय कसे जातील कुणास ठाऊक. आजवर देवाला मी जे जे दिलं ते मला नको असलेलं होतं. हे एवढंच पहिल्यांदा हवं असलेलं देतोय. तू माझी होतीस असं मी धरून चाललो होतो. तू त्याची होतीस. मी मध्ये उभा राहिलो.

मला माफ कर असं मी लिहिणार नाही. ते मागायचं तोंड मला नाही, आणि तू भोळी आहेस, लगेच देऊन टाकशील. वेळ घे. चिडायचं असेल तर माझ्यावर चीड, माझं नाव टाक, दिवाळीला येऊ नको. पण ज्याच्याशी सहा वर्षं बोलत नाहीस, त्यानं तुझं काही घेतलं नव्हतं. त्या दुपारी तू गात होतीस तेव्हा थांबवायचं सोडून कोण सूर देत होतं, ते आता तुला कळलं. त्याच्याशी बोल. घोगरं बोललीस तरी चालेल. सुरातलं मला लागायचं, त्याला कधी लागलं नाही.

मी इथंच आहे. माझ्याबद्दल काय वाटून घ्यायचं ते वाटून घे.

तुला गायला लावणारा,
आण्णा